ईमेल पत्त्यात ‘अ‍ॅट’ आणि ‘डॉट’ कंसात का लिहितात? मेल पाठवण्याआधी हे वाचा

मोबाईलवर सरकारी कार्यालयाचं संकेतस्थळ उघडलं की ईमेल पत्ता सापडतो, पण तो विचित्र दिसतो. @ हे चिन्ह कुठेच नसतं. त्याच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत ‘अ‍ॅट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ लिहिलेलं असतं. बरेच जण पत्ता तसाच्या तसा टाकतात आणि मेल जातच नाही. हरकत नोंदवायची शेवटची तारीख असेल, तर एवढ्याशा कंसापायी काम अडतं.

गावाकडची कितीतरी माणसं मुंबईत आहेत. समजा, भाऊ जुहूला राहतो आणि त्याच्या दाखल्याची चौकशी करायची आहे. जुहू हा भाग मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी तालुक्यात येतो आणि जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. नुसत्या चौकशीसाठी तिथं जायचं तर अख्खा दिवस मोडतो, भाडं जातं ते वेगळंच. त्यापेक्षा मेल बरा. पण पत्ता बरोबर टाकता आला पाहिजे.

पत्ता असा का लिहितात?

ही छपाईची चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. इंटरनेटवर पत्ते गोळा करणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. एक पान उघडायचं, त्यावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जायचं आणि जिथं @ दिसेल तिथला पत्ता उचलायचा, एवढंच त्यांचं काम. अशा लाखो पत्त्यांच्या याद्या विकल्या जातात. मग लॉटरी लागली, बँक खातं बंद होणार, कर्ज मंजूर झालं असे फसवे मेल सुरू होतात. कार्यालयाच्या पेटीत असा कचरा साठला की खऱ्या अर्जदाराचा मेल त्यात हरवतो.

ईमेलमध्ये @ वापरायला १९७१ मध्ये अमेरिकेच्या रे टॉमलिन्सन यांनी सुरुवात केली. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थुर्क या संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं सुमारे ४०० जणांना न मागता जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मेल मानतात. त्या वेळी पत्ते छापील यादीतून हातानं टाईप करावे लागले होते. आता तेच काम यंत्र करतं.

याचा उपयोग होतो का?

होतो, पण पुरता नाही. अमेरिकेतल्या सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेनं मुद्दाम नवे पत्ते तयार करून पाहणी केली होती. तिचा अहवाल २००३ मध्ये आला. संकेतस्थळावर उघडे लिहिलेले पत्ते स्पॅमला सगळ्यात जास्त बळी पडले, तर शब्दांत झाकलेल्या पत्त्यांवर एकही स्पॅम आला नाही.

तेव्हापासून प्रोग्रॅमही हुशार झालेत. कंसातला ‘अ‍ॅट’ ओळखून त्याचं @ करणं आता अवघड नाही. म्हणजे ही दाराची कडी आहे, तिजोरीचं कुलूप नव्हे. शिवाय संकेतस्थळावर पत्ता झाकला आणि तिथल्याच एखाद्या पीडीएफ पत्रात तो उघडा राहिला, तर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं झालं.

काही ठिकाणी पत्त्याचं चित्र लावतात. पण ते कॉपी करता येत नाही आणि पडदा वाचून दाखवणारं अ‍ॅप वापरणाऱ्या अंध माणसाला ते ऐकूही येत नाही. त्यापेक्षा ‘आम्हाला लिहा’ असा फॉर्म ठेवला, तर पत्ता दाखवायची गरजच उरत नाही.

मेल पाठवताना काय करायचं?

• कंसासकट ‘अ‍ॅट’ काढा, तिथं @ टाका.
• कंसासकट ‘डॉट’ काढा, तिथं टिंब टाका. डॉट बहुतेक वेळा एकाहून जास्त असतात, प्रत्येक बदला.
• मध्ये मोकळी जागा ठेवू नका.

उदाहरणार्थ, ‘कार्यालय[अ‍ॅट]जिल्हा[डॉट]इन’ असं दिसलं तर ‘कार्यालय@जिल्हा.इन’ असं लिहायचं. खरा पत्ता अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतो. पाठवल्यावर पाच-दहा मिनिटांनी पेटी पुन्हा उघडून बघा. ‘मेलर डीमन’ नावानं उत्तर आलं असेल, तर मेल पोचलेला नाही.

आपला पत्ता टाकताना

बचत गट, शेतकरी कंपनी किंवा कृषी पर्यटन केंद्राचं पान असेल, तर त्यासाठी वेगळा ईमेल काढा. बँकेला जोडलेला पत्ता तिथं देऊ नका. पत्ता झाकून लिहिला, तर शेजारी ‘कंसाच्या जागी @ टाका’ अशी ओळ मराठीत द्या, नाहीतर यंत्राबरोबर गिऱ्हाईकही बाहेर राहील.

एवढं करूनही फसव्या मेलमुळे खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.