अंतर आणि वेळ : नरखेडच्या निमित्ताने एक शब्दविचार

‘नागपूर येथून किती लांब?’ या प्रश्नाला नरखेडच्या स्थानकावर ‘अमुक किलोमीटर’ असे उत्तर मिळू शकते, तसेच ‘अमुक तास’ असेही मिळू शकते. प्रश्न अंतराचा, उत्तर मात्र वेळेचे; तरीही कोणाचा गैरसमज होत नाही. हा भाषेचा सैलपणा नव्हे. अंतरवाचक शब्दांची परंपराच तशी आहे.

‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला. त्याच्या मुळाशी ओरडण्याचा अर्थ आहे. हाक जेथवर पोचते ते अंतर, असा त्याचा आशय सांगितला जातो. ‘योजन’ शब्दात जुंपण्याचा धातू आहे. ‘मैल’ हा लॅटिनमधील हजार पावलांचा वारस होय. म्हणजे हाक, जू आणि पाऊल ही मापे मनुष्याच्या श्रमाशी जोडलेली होती. 1956 च्या कायद्याने भारतात मेट्रिक पद्धती आली आणि माप श्रमापासून वेगळे झाले. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ या म्हणीत मात्र कोस अद्याप टिकून आहे.

विमानप्रवासाने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. नागपूर व अमरावती (बेलोरा) या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 140 किलोमीटर आहे. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या विमानास ते कापण्यास गणिताने सतरा मिनिटे पुरावीत. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत लागणारा वेळ अंतर कमी झाले म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे यांच्या दरम्यान 1967 पासून नियमित विमानसेवा आहे. अंतर अवघे 2.7 किलोमीटर, प्रवास सुमारे दोन मिनिटांचा. हिशेब केल्यास सरासरी वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे एखाद्या रेल्वेगाडीइतकाच. तथापि त्या बेटांमध्ये समुद्र आहे. तेथे विमानाची खरी तुलना नौकेशी करावयाची, रेल्वेशी नव्हे.

नरखेडला विमानतळ नाही. नागपूरचा विमानतळ तेथून सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटरवर, तर बेलोरा सुमारे 110 किलोमीटरवर आहे. बेलोरा येथून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तथापि नरखेडच्या प्रवाशाला किंवा संत्री पाठवू इच्छिणाऱ्या बागायतदाराला आकाशातील मिनिटांपूर्वी जमिनीवरील तास मोजावे लागतात. ते तास वगळून सांगितलेला ‘उड्डाणकाल’ त्याच्यासाठी अपुरा ठरतो.

यास्तव ‘अंतर’, ‘उड्डाणकाल’ आणि ‘प्रवासकाल’ हे तीन शब्द मराठीत काटेकोरपणे वेगळे वापरणे इष्ट आहे. पहिला भूमितीचा, दुसरा यंत्राचा, तिसरा मनुष्याचा. ‘किती लांब?’ असे विचारणाऱ्यास बहुधा तिसऱ्याचेच उत्तर हवे असते. नरखेडच्या स्थानकावर ‘अमुक तास’ म्हणणारा प्रश्न बरोबर ओळखतो.