दोन दोऱ्या आणि थोडी ढील

दुपारी तीनच्या सुमाराला गुहागरच्या पुळणीवर वाऱ्याने जोर धरला. समुद्राकडे पाठ करून मी उभा होतो. दोन्ही मनगटांत एकेक पट्टा, प्रत्येक पट्ट्याला एकेक दोरी आणि तीस मीटरवर त्या दोऱ्यांच्या टोकाला एक पतंग, वाळूत पंखांची टोकं टेकवून, नाक वर करून उभा. आठ फूट रुंदीचा, काळा-केशरी, विमानासारखा. "दोन्ही हात कमरेशी ओढ आणि एक पाऊल मागे जा," मित्र म्हणाला. मी ओढले आणि पतंग वाळूवरून सुटला तो थेट डोक्याच्या उंचीवरून आकाशात. कापडाच्या मागच्या कडेतून भुंग्यासारखा आवाज निघत होता आणि तो दोरीतून उतरून बोटांपर्यंत पोचत होता.

उजवा हात मागे घेतला, पतंग उजवीकडे वळला. डावा घेतला, डावीकडे. दोन्ही हात बरोबरीने ठेवले की नाक जिकडे असेल तिकडे त्याची धाव. मग एका वळणावर नाक खाली झालं. जमीन जवळ येताना दिसली आणि मी घाबरून दोन्ही हात होता नव्हता तेवढा जोर लावून मागे ओढले. पतंगाचा वेग वाढला, तो वाळूवर आदळला आणि कार्बनची एक काडी कट्कन मोडली.

"ओढलंस म्हणून आदळला," मित्र म्हणाला. "जमीन जवळ आली की त्याच्याकडे धावायचं. हात पुढे टाकायचे."

म्हणजे ढील द्यायची. हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. येवल्याला मामांच्या गच्चीवर भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस मी दोऱ्याची आसारी धरून उभा असायचो. खाली गल्लीत हलकडी वाजत असायची. पतंग गोता खायला लागला की मामा मागून ओरडायचे, "ओढू नकोस! ढील दे, ढील दे!" ढील मिळाली की पतंग अंग सैल सोडून जागच्या जागी फिरायचा, आणि नाक वर आल्या क्षणी मामा म्हणायचे, "आता खेच!" आठव्या वर्षी शिकलेला हा धडा दोन दोऱ्या हातात येताच मी विसरलो. या पतंगाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की ज्यांनी तो घडवला त्यांनाही हा धडा फार उशिरा सापडला. ही माणसं आधी ओढायला शिकली. ढील द्यायला शिकली ती कितीतरी नंतर, आणि खऱ्या कसरती सुरू झाल्या त्या तेव्हाच.

आपला काटाकाटीचा पतंग एका दोरीवर चालतो. दोरी ताणली की कामट्या वाकतात, कागदाला पोट येतं आणि तो सरळ जातो. सैल सोडली की तो सपाट होऊन गिरकी घेतो. दिशा बदलायची ती या दोन अवस्थांच्या मधली वेळ साधून. दोन दोऱ्यांच्या पतंगात दिशेचा हिशेब निराळा आहे. एक दोरी डाव्या पंखाला, दुसरी उजव्या. जी ओढाल त्या बाजूला तो वळेल. त्यामुळे चौकोन, वर्तुळ, आठचा आकडा आकाशात हवा तसा काढता येतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला याच गुणाचा उपयोग झाला. विमानवेधी तोफा चालवणाऱ्या खलाशांना सरावासाठी हलतं लक्ष्य हवं होतं. पॉल गार्बर हे स्मिथसोनियन संग्रहालयातले गृहस्थ तेव्हा नौदलात होते. लहानपणी त्यांच्या पतंगाचं सुत्तर, म्हणजे पतंगाला दोरी जोडणारी बांधणी, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी स्वतः नीट करून दिलं होतं, असा हा पतंगवेडा माणूस. त्यांनी निळ्या कापडाचा पाचेक फुटांचा पतंग केला, त्यावर जपानी झिरो विमानाची काळी आकृती रंगवली आणि खाली सुकाणू बसवलं. दोन दोऱ्यांनी ते सुकाणू फिरवलं की पतंग खऱ्या विमानासारखा सूर मारायचा, वळायचा, पुन्हा वर चढायचा. जहाजावरून त्याच्यावर गोळ्या झाडून खलाशी नेम शिकत. हाताच्या इशाऱ्यावर कोलांट्या खाणारा पतंग मोठ्या संख्येने बनला तो असा युद्धाच्या गरजेपोटी.

तो सामान्य माणसांच्या हातात आणला इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी. १९७२ साली त्यांनी दोन दोऱ्यांचा शंकरपाळ्याच्या आकाराचा पतंग तयार केला आणि त्याला पोकळ प्लास्टिकच्या नळीची लांबलचक शेपटी लावली. वारा भरला की नळी फुगायची आणि पतंग जिथून गेला ती रेघ क्षणभर आकाशात उमटून राहायची. बघणाऱ्याला वळण दिसलं आणि त्या खेळाचं वेड पसरलं. १९७६ साली ब्रिटनमधल्या खेळणीविक्रेत्यांनी या पतंगाला वर्षाचं सर्वोत्तम खेळणं म्हणून निवडलं. लोक पाच-सहा पतंग एकामागे एक जोडून उडवू लागले.

१९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात, मुख्यतः सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर, आकार बदलला. शंकरपाळ्याचं रूप जाऊन रुंद पंखांचा त्रिकोण आला. डॉन टेबर यांच्या 'टॉप ऑफ द लाइन' कंपनीचे पतंग तेव्हा गाजले. त्रिकोणी पतंग वाऱ्याला घट्ट धरतो, सरळ रेघ सरळ काढतो आणि कोपऱ्यात काटकोनात वळतो. याच काळात सामानही सुधारलं. बांबू आणि ॲल्युमिनियमच्या जागी कार्बनच्या पोकळ काड्या आल्या. कापड रिपस्टॉप नायलॉनचं, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेलं. फाटलं तरी फाट त्या धाग्याशी अडते. आठ फुटांचा पतंग आज जेमतेम तीनशे ग्रॅम भरतो.

दोरी हा या यंत्राचा सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत मोलाचा भाग. ती डायनीमा किंवा स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याची असते. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत, जवळजवळ न ताणणारी आणि अतिशय गुळगुळीत. न ताणण्यामुळे बोटाची हालचाल तशीच्या तशी पंखापर्यंत पोचते. गुळगुळीतपणाचा फायदा आणखी मोठा. पतंगाने एकाच दिशेला पाच-सहा गिरक्या घेतल्या की दोन्ही दोऱ्यांना एकमेकींचा पीळ बसतो. सुती दोरा असता तर तिथेच अडकला असता. या दोऱ्या पिळात असूनही एकमेकींवरून सरकत राहतात आणि पतंग हुकूम पाळतो. उलट्या गिरक्या दिल्या की पीळ सुटतो.

सुत्तराचं महत्त्व मात्र आपल्या पतंगाइतकंच. गाठ काही मिलिमीटर सरकली की पतंगाचा स्वभाव बदलतो. वारा पडलेला असताना जे सुत्तर चालतं ते भरवाऱ्यात चालत नाही. जाणकार उडवण्याआधी दहा मिनिटं नुसती गाठीशी खेळत बसलेले दिसतात, तसेच जसे येवल्यात संक्रांतीच्या आदल्या रात्री.

हा पतंग आकाशात कुठेही नेता येत नाही. पाठीशी वारा घेऊन उभं राहिलं की आपल्यासमोर अर्ध्या घुमटासारखी एक जागा तयार होते. घुमटाच्या मधोमध, खालच्या भागात ओढ सर्वांत जास्त. कडेला किंवा डोक्यावर नेला की जोर ओसरतो आणि पतंग तरंगू लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून मधोमध सूर मारताना टाचा वाळूत रोवाव्या लागतात. वेगासाठी बनवलेले पतंग फार पुढे जातात. १९८९ साली अमेरिकेत ओशन सिटीच्या किनाऱ्यावर एका पतंगाचा वेग ताशी १९३ किलोमीटर नोंदला गेला. आगगाडीला मागे टाकणारी ती ताकद माणसाच्या दोन हातांत असते.

इथवरचा सगळा खेळ ताणलेल्या दोरीचा. १९९०च्या दशकात उडवणाऱ्यांनी दोरी मुद्दाम सैल सोडायला सुरुवात केली आणि खेळाचं रूपच पालटलं. यातली मूळ कसरत 'ॲक्सल'. बर्फावरच्या स्केटिंगमधल्या उडीवरून, म्हणजे नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसन या स्केटरवरून आलेलं हे नाव. आधी पतंग घुमटाच्या मधोमध नाक वर करून थांबवायचा. हे थांबवणंच अवघड, कारण त्याचा स्वभाव धावण्याचा. तो थांबला की क्षणभर हवेत टांगल्यासारखा दिसतो. त्याच क्षणी एका दोरीला हलका ठुमका द्यायचा आणि लगेच दोन्ही हात पुढे टाकून ढील द्यायची. पतंग पोटावर आडवा होतो आणि तबकडीसारखा सपाट गिरकी घेतो. त्या वेळी दोऱ्यांत ताण नसतो, हातांना काहीही जाणवत नाही. गिरकी पूर्ण होताना दोरी परत ताणायची. लवकर ताणली तर गिरकी अर्ध्यात मोडते, उशीर झाला तर पतंग दोरीत गुंततो.

एकदा ढील हाती आली की पुढचं दालन उघडतं. 'फेड'मध्ये पतंग पाठीवर पडून नाक आपल्याकडे करून तरंगत राहतो. 'बॅकस्पिन'मध्ये त्याच अवस्थेत सपाट फिरतो. 'जेकब्ज लॅडर'मध्ये या दोहोंच्या पायऱ्या करत आकाशात चढतो. 'यो-यो'मध्ये तो कोलांट्या खात स्वतःभोवती दोऱ्या गुंडाळून घेतो, तसाच गुंडाळलेला उडतो आणि मग उलट कोलांट्यांनी मोकळा होतो. या प्रत्येक कसरतीत पतंगाला काही क्षण त्याच्या त्याच्यावर सोडावं लागतं. दोरी हातात असते, पण हुकूम नसतो. तेवढ्या वेळात तो काय करील याचा अंदाज घ्यायचा आणि योग्य जागी त्याला पुन्हा झेलायचा. मला या खेळाची खरी धुंदी याच पोकळ क्षणात वाटते.

स्पर्धांमध्ये दोन्ही अंगांचा कस लागतो. आधी ठरवून दिलेल्या आकृत्या काढायच्या. रेघा किती सरळ, कोपरे किती टोकदार, हे परीक्षक पाहतात. मग संगीतावरचं नृत्य, ज्याला ते बॅले म्हणतात. चमूच्या स्पर्धेत चार-सहा जण ओळीत उभे राहतात, म्होरक्या पुढची हालचाल मोठ्याने सांगतो आणि सगळे पतंग एकमेकांच्या दोऱ्यांतून जाऊन पुन्हा मोकळे होतात. फ्रान्समधल्या बेर्क-सुर-मेरच्या विस्तीर्ण पुळणीवर १९८७ पासून भरणाऱ्या पतंगमेळ्यात जगभरचे चमू येतात.

चार दोऱ्यांचे पतंगही आहेत. सॅन डिएगोच्या हॅडझिकी बंधूंनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'रेव्होल्यूशन' आणला. प्रत्येक पंखाला वर एक आणि खाली एक दोरी. तो हवेत स्थिर उभा राहतो, मागे मागे जातो, जमिनीपासून वीतभर उंचीवर जागच्या जागी फिरतो. चार दोऱ्यांची कल्पना मात्र फार जुनी. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. ते पतंग चार दोऱ्यांनी वळवले जात. पोकॉक यांनी आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने उंच उचललं होतं. हीच मार्था पुढे क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. १८९९ साली राइट बंधूंनी पाच फुटांचा दुहेरी पंखांचा पतंग चार दोऱ्या आणि दोन काठ्यांनी उडवला. पंखाला पीळ देऊन विमान वळवता येतं याची खात्री त्यांना त्या पतंगाने दिली.

या खेळातल्या माणसांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते कॅनडातल्या व्हँकुव्हरचे रे बेथेल. एक पतंग उजव्या हाताला, एक डाव्या हाताला आणि तिसरा कमरेला बांधलेला. असे तीन पतंग ते एकाच वेळी संगीतावर नाचवत. हात वळत, कंबर लचके आणि तिन्ही पतंग एका सुरात फिरत. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही हे चालू होतं. त्यांना ऐकू येत नसे. म्हणून त्यांचा कार्यक्रम संपला की प्रेक्षक टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंच करून हलवत. त्यांना ती दाद डोळ्यांनी मिळे.

आपल्याकडे पतंग म्हणजे काटाकाटी, आणि ती मला प्रिय आहे. पण नायलॉन मांजाने पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे चिरले, आणि २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला तशा बातम्या येतातच. दोन दोऱ्यांच्या पतंगात कुणाला कापायचं नसतं. तरीही ताणलेली वेगवान दोरी सुरीसारखी लागते, म्हणून तो माणसांवरून, रस्त्यावरून किंवा विजेच्या तारांजवळ कधीच उडवायचा नाही. त्याला मोकळं मैदान लागतं, आणि कोकणात अशा मैलभर रिकाम्या पुळणी आहेत. ढील हा शब्दही आपल्या बोटांत जन्मापासून आहे. हा खेळ आपल्याकडे रुजावा असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा पडत आला होता. मोडकी काडी बदललेली होती. एका वळणावर पतंगाने पुन्हा नाक खाली केलं आणि सरळ वाळूकडे निघाला. या वेळी मी त्याच्याकडे धावलो. अनवाणी, हात पुढे टाकून, दहा-बारा पावलं. दोऱ्या सैल पडल्या. घोंघाट थांबला. पतंगाने हवेतच अंग सोडलं, पोटावर आडवा झाला आणि ओल्या वाळूवर अलगद टेकला. मी थांबलो, दम घेतला आणि दोऱ्या हळूच ताणल्या. त्याने नाक उचललं.