ऐतिहासिक अनुकथा आणि तिचे वाचक : जपानी साहित्यातील काही उदाहरणांच्या आधारे

प्रास्ताविक

एखादी कथा छापील पानावर संपते, पण काही वाचकांच्या मनात ती संपत नाही. असा वाचक स्वतः लेखणी हाती घेतो आणि त्याच पात्रांची पुढची, आधीची किंवा मधली राहून गेलेली हकीकत लिहितो. इंग्रजीतून आलेल्या 'फॅन फिक्शन' या संज्ञेने असे लेखन आज ओळखले जाते. जपानी भाषेत त्याला 'निजि सोसाकु', म्हणजे द्वितीय निर्मिती, असे म्हणतात. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नसल्याने प्रस्तुत लेखात 'अनुकथा' हा शब्द योजला आहे. कर्णाला नायक करणारी 'मृत्युंजय' (1967) आवडीने वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा व्यवहार मुळीच अपरिचित नाही. तरीही विद्यापीठीय समीक्षेत अनुकथेची गणना हौशी आणि म्हणून अदखलपात्र लेखनात होते.

अनुकथा जेव्हा गतकाळात घडते, तेव्हा लेखकावर दोन बंधने येतात : एक मूळ कलाकृतीचे आणि दुसरे इतिहासाचे. वाचक जे आक्षेप घेतात ते या दोहोंपैकी कोणत्या बंधनातून येतात, हे ओळखल्याशिवाय लेखक व वाचक यांच्यातील चर्चा फलदायी होत नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. हे मत पुस्तकांपेक्षा एका विद्यार्थिनीच्या कथेमुळे बनले, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

एका कथेचे वाचन

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेली एक मराठी कथा भीतभीतच वाचावयास दिली. वात्सुकी नोबुहिरो यांच्या 'रुरोनी केनशिन' या चित्रकथामालेवर (1994–1999) ती आधारलेली होती. मूळ मालेची मुख्य कथा 1878 साली, म्हणजे मेइजी राजवटीच्या अकराव्या वर्षी, सुरू होते. नायक केनशिन हा पूर्वाश्रमीचा मारेकरी. क्योतोमध्ये शोगुनशाहीच्या समर्थकांचे खून पाडणारा हा तरुण 1864 साली बंडखोरांची पीछेहाट झाल्यावर तोमोए नावाच्या स्त्रीसह ओत्सू येथे औषधविक्रेता म्हणून लपून राहतो. तोमोएच्या वाग्दत्त वराला त्यानेच ठार केले आहे आणि तोमोएला ते ठाऊक आहे. मालेत तोमोए रोज दैनंदिनी लिहिताना दिसते. त्या दैनंदिनीतले फारच थोडे वाचकापर्यंत पोहोचते. विद्यार्थिनीची कथा म्हणजे ही दैनंदिनी होती.

कथा वर्गात वाचली गेली आणि आक्षेप सुरू झाले. पहिला आक्षेप प्रस्तुत लेखिकेचा होता. दैनंदिनीत 'दुपारी तीन वाजता' असे लिहिले होते आणि वर '1 सप्टेंबर' अशी तारीख होती. जपानने सौर पंचांग 1873 साली स्वीकारले. त्यापूर्वी चांद्र-सौर महिने चालत, वर्षांना राजघोषित युगनाव असे. पहाटेपासून संध्याकाळपर्यंतच्या काळाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग पाडले जात. म्हणजे हिवाळ्यातला दिवसाचा एक 'तास' उन्हाळ्यातल्या तासापेक्षा आखूड असे. दुपारच्या प्रहराला आठ ठोके पडत, आणि त्या 'आठ'वरूनच जपानी भाषेत दुपारच्या खाण्याला 'ओयात्सु' हे नाव पडले. लपून राहिलेल्या स्त्रीला थंडीत दिवस आखडत गेल्याचे जाणवणार ते अशा प्रहरांतून, घड्याळाच्या काट्यांतून नव्हे. (1864 च्या वसंतात सुरू झालेल्या युगाचे नावही 'गेंजी' असेच आहे. पुढे येणाऱ्या राजपुत्र गेंजीशी त्याचा संबंध नाही. जपानी लिपीत ही दोन नावे वेगळी लिहिली जातात.)

दुसरा आक्षेप एका सहाध्यायाने घेतला : "तोमोए एवढं बोलणारी बाई नाही." लेखिकेचे उत्तर तत्काळ आले, "ती बोलत नाही, म्हणून तर लिहिते." सहाध्यायाचे समाधान झाले नाही. तोमोए लिहिते हे मान्य, पण इतक्या मोकळेपणाने लिहील का, असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप इतिहासाचा नव्हे, तो मूळ कलाकृतीचा आहे. 1864 साली एखादी सामुराई घराण्यातली स्त्री मोकळेपणाने दैनंदिनी लिहीत असे किंवा नसे, याचा येथे काही संबंध नाही. प्रश्न या तोमोएचा आहे.

तिसरा आक्षेप पुन्हा प्रस्तुत लेखिकेचा, आणि तो चुकीचा होता. अशा नावाचा मारेकरी त्या काळच्या इतिहासात नाही, मग त्याच्या पत्नीच्या दैनंदिनीला ऐतिहासिक का म्हणावे, असे मी विचारले. केनशिनचे पात्र कावाकामी गेन्साइ या खऱ्या मारेकऱ्यावरून सुचले असले तरी गेन्साइला नव्या सरकारनेच देहदंड दिला होता. विद्यार्थिनीने नम्रपणे दाखवून दिले, की केनशिन होता की नव्हता हा वाद मूळ लेखकाशी घालावयाचा आहे. तिने तो सोडवून ठेवलेलाच स्वीकारला आहे. अनुकथाकाराला वारशात जे मिळते, त्यातील कल्पित भाग त्याच्यासाठी वस्तुस्थितीच असतो. मूळ मालेत ओकुबो तोशिमिची या मंत्र्याचा 14 मे 1878 रोजी झालेला खून एका कल्पित पात्राच्या हातून घडतो. साइतो हाजिमे या शिन्सेनगुमी दलातील खऱ्या योद्ध्याने पुढे फुजिता गोरो या नावाने पोलिसात नोकरी केली, हा इतिहास मात्र त्यात जसाच्या तसा घेतला आहे. या मालेवर लिहिणाऱ्याने पहिली गोष्ट मूळ कृतीच्या आधारे आणि दुसरी दोन्ही आधारांनी मान्य करावयाची असते.

जुने वाचक

वाचकांनी असे आक्षेप घेणे ही जपानमध्ये आजची गोष्ट नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू हिने रचलेली 'गेंजी मोनोगातारी' चोपन्न प्रकरणांची आहे. तिच्या पहिल्या पिढीतील वाचकांत 'साराशिना निक्की' या आत्मवृत्ताची लेखिका येते. तिचा जन्म 1008 चा. राजधानीपासून दूर पूर्वेकडील प्रांतात वाढताना सावत्र आई आणि बहीण यांच्या तोंडून तिने या कथेचे तुटक भाग ऐकले. राजधानीत लवकर नेऊन सगळ्या कथा वाचावयास मिळू देत, अशी प्रार्थना ती बुद्धमूर्तीपुढे करी. पुढे राजधानीत एका नातेवाईक स्त्रीने तिला ग्रंथाचे सर्व भाग दिले, तेव्हा रात्री दिवा जवळ ओढून ती वाचत राहिली. आपण मोठेपणी त्यातील युगाओ किंवा उकिफुने यांच्यासारखे होऊ, असे तिला वाटे. उतारवयात या वेडाचा तिला पश्चात्ताप झाला. तरीही परंपरेने काही कादंबऱ्यांचे कर्तृत्व तिच्याकडे दिले आहे; त्यांपैकी एकीचा नायक मृत पित्याच्या पुनर्जन्माच्या शोधात चीनला जातो. वाचनाच्या वेडातून लेखन कसे उगवते, याचा इतका जुना आणि इतका प्रांजळ पुरावा अन्यत्र विरळा.

इ. स. 1200 च्या सुमारास रचलेल्या 'मुम्योझोशी' या ग्रंथात तर वाचकांची चर्चाच नोंदलेली आहे. त्र्याऐंशी वर्षांची एक भिक्षुणी एका घरी थांबते आणि तेथील स्त्रिया रात्रभर कथांविषयी जे बोलतात ते ऐकते. कोणते प्रकरण अधिक हृद्य, कोणती स्त्री आदरणीय, कोणता पुरुष असह्य, अशी ही चर्चा आहे. 'सागोरोमो' या कथेचा नायक शेवटी सम्राट होतो, हे या स्त्रियांना पटत नाही. असे घडणे अशोभनीय आणि अविश्वसनीय आहे, असे त्या म्हणतात. 'तोरिकाएबाया' या कथेची मात्र जुनी आणि नवी अशी दोन रूपे त्यांच्यापुढे आहेत, आणि त्या नव्या रूपाला जुन्यापेक्षा श्रेष्ठ मानतात. मूळ तेवढे पवित्र आणि पुनर्लेखन तेवढे हीन, हा आपल्याकडील समज त्या आठशे वर्षांपूर्वीच्या वाचकांना नव्हता.

मौनाच्या जागा

'गेंजी'च्या अनुकथा मुख्यतः तिच्या मौनाच्या जागी वाढल्या. ग्रंथ जेथे थांबतो तेथे उकिफुने ही भिक्षुणी झालेली आहे आणि काओरु तिला अद्याप भेटलेला नाही. 'यामाजी नो त्सुयू' ही छोटी कृती तेथून पुढे निघते. तिचा कर्ता निश्चित नाही. काओरु डोंगरातल्या ओनो गावी जातो, भेट घडते. पण मूळ लेखिकेने घातलेली गाठ कायम राहते. अनुकथाकाराने येथे दाखवलेला संयम मला फार मोलाचा वाटतो. नायकाच्या मृत्यूच्या जागी मूळ परंपरेत 'कुमोगाकुरे' हे केवळ प्रकरणाचे नाव आहे, मजकूर नाही. तीही जागा नंतरच्या कोणी सहा प्रकरणे लिहून भरली. ती भरणे मला तितकेसे रुचत नाही. सगळीच मौने बोलकी करावयाची नसतात.

या परंपरेतील सर्वांत उद्बोधक उदाहरण मोतोओरी नोरिनागा (1730–1801) यांचे होय. मात्सुसाका येथील हा वैद्य 'गेंजी'चा थोर भाष्यकार. कथेतील घटनांची वर्षवार मांडणी इचिजो कानेयोशी यांनी 1453 मध्ये केली होती. नोरिनागांनी ती तपासून दुरुस्त केली. आणि याच विद्वानाने 'तामाकुरा' नावाची अनुकथाही लिहिली. राजपुत्र गेंजी आणि रोकुजो येथे राहणारी विधवा युवराज्ञी यांचे प्रेम कसे सुरू झाले, हे मूळ ग्रंथ सांगत नाही. चौथ्या प्रकरणाच्या आरंभी तो तिच्याकडे गुप्तपणे जात असे, एवढाच उल्लेख येतो. नोरिनागांनी हा आरंभ साडेसातशे वर्षांपूर्वीच्या दरबारी भाषेत लिहिला. दिवंगत युवराजापासून ते सुरुवात करतात, मग त्याची विधवा, तिची लहान मुलगी, आणि शेवटी गेंजीचे येणेजाणे.

ही जागा भरणाऱ्याची वाट निसरडी आहे. रोकुजोची ही स्त्री सोळाव्या वर्षी युवराजाच्या घरी गेली, विसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिसाव्या वर्षी पुन्हा राजवाड्यात आली, असे मूळ ग्रंथ एके ठिकाणी सांगतो. ही वये धरली तर तिचा पती गेंजी वयात येईपर्यंत युवराजपदी असावयास हवा. पण गेंजीच्या बालपणीच त्याच्या थोरल्या भावाला ते पद मिळाल्याचे पहिल्याच प्रकरणात आले आहे. विसंगती इतिहासाची नव्हे, मूळ लेखिकेचीच आहे. अशा ठिकाणी अनुकथाकाराला एका उल्लेखाशी प्रामाणिक राहून दुसऱ्याकडे डोळेझाक करावी लागते, आणि जाणता वाचक तेवढ्यासाठी त्याला क्षमाही करतो. हिशेब करणारा पंडित आणि प्रेमप्रसंग रंगवणारा कथाकार एकाच माणसात नांदू शकतात, हे 'तामाकुरा' दाखवते. नोरिनागांची ही अनुकथा म्हणजे त्यांच्या भाष्याचाच एक भाग आहे, असे मी समजते.

रंगभूमीने तर या व्यवहाराला परिभाषाच दिली. काबुकी नाटककार आधी एक 'सेकाइ', म्हणजे परिचित कथाविश्व, निवडत आणि त्यावर आपली 'शुको', म्हणजे नवी कल्पना, चढवत. सत्तेचाळीस सामुराईंनी घेतलेल्या सूडाची 1701 ते 1703 मधील हकीकत रंगमंचावर उघडपणे दाखवण्यास मनाई होती; म्हणून 'कानादेहोन चुशिनगुरा' (1748) हे नाटक चौदाव्या शतकात नेऊन बसवले गेले. 1825 मध्ये चौथ्या त्सुरुया नानबोकुने 'योत्सुया काइदान' लिहिले. त्याचा खलनायक इएमोन हा त्याच विखुरलेल्या घराण्याचा सेवक, आणि हे नाटक 'चुशिनगुरा'सोबत गुंफून दोन दिवसांत दाखवले गेले. स्वामिनिष्ठेच्या कथेलगतच एक नीच माणूस चालताना प्रेक्षकांनी पाहिला. तोक्यो येथे 21 डिसेंबर 1975 रोजी भरलेल्या पहिल्या 'कोमिक मार्केट'मध्ये हौशी लेखकांचे 32 गट आणि सुमारे 700 लोक होते. त्या मेळ्याच्या आजच्या प्रचंड विस्ताराचे आश्चर्य हा इतिहास माहीत असणाऱ्याला वाटणार नाही.

पुन्हा त्या कथेकडे

विद्यार्थिनीच्या कथेतील एका प्रसंगावर मात्र इतिहासाचा आक्षेप टिकला. शरद ऋतूच्या अखेरीस कात्सुरा कोगोरो हा बंडखोरांचा नेता ओत्सूच्या घरी येतो आणि तोमोएशी दीर्घ संभाषण करतो, असे तिने लिहिले होते. कात्सुरा ही खरी व्यक्ती. 1864 च्या उन्हाळ्यातील क्योतोच्या लढाईनंतर तो काही काळ राजधानीतच भिकाऱ्यांत लपला आणि मग ताजिमा प्रांतातील इझुशी येथे जाऊन राहिला. त्या महिन्यांत तो ओत्सूला येणे संभवत नाही. मूळ मालाही तसे सांगत नाही; म्हणजे येथे दोन्ही आधार तिच्या विरुद्ध होते. हे संभाषण कथेतला तिचा सर्वांत आवडता भाग होता. ती बराच वेळ गप्प राहिली आणि कथा घेऊन गेली.

दोन आठवड्यांनी सुधारलेली प्रत आली. तारखा गेल्या होत्या. त्या जागी 'नवव्या महिन्यातील चंद्र' आणि 'आठ ठोक्यांचा प्रहर' आले होते. सहाध्यायाच्या आक्षेपानंतर तोमोएची वाक्ये निम्म्याने आखूड झाली होती. कात्सुरा आता येत नव्हता. त्याच्याकडून कोणीतरी येणार म्हणून तोमोए दारापाशी दोन पेले मांडून ठेवते, रात्र पडते, आणि दैनंदिनीत ती फक्त एवढेच लिहिते की पाणी निवले.