डोळा, पट्टा आणि टाकीचं झाकण

पनवेलच्या खांदा कॉलनीतून समुद्र दिसत नाही. चक्रीवादळ इथे आधी उपग्रहाच्या चित्रातून येतं, मग गच्चीवर. गेल्या काही वर्षांत ही चित्रं कशी बदलली आणि ती वाचायला आपण किती शिकलो, त्याचा हा मागोवा.

11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. तेव्हाच्या चित्रांत अरबी समुद्रावर नुसता पांढरा बोळा दिसायचा. 'कल्पना-1' उपग्रहाच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका 8 किलोमीटरचा. खांदा कॉलनी, पनवेल स्टेशन आणि कामोठे मिळून जेमतेम एक ठिपका! जेवढं पांढरं तेवढा पाऊस, असं आम्ही समजायचो. खरं तर उपग्रह ढगाच्या माथ्याची उष्णता टिपतो. माथा जितका उंच तितका थंड, आणि थंड भाग पांढरा दाखवायचा, एवढाच तो संकेत.

2013 साली 'इन्सॅट-3डी' गेला आणि ठिपका 4 किलोमीटरवर आला. 2016 मध्ये 'इन्सॅट-3डीआर' जोडीला आल्यावर दोघांत मिळून दर पंधरा मिनिटांनी चित्र मिळू लागलं. म्हणून 3 जून 2020 ला, लॉकडाऊनमध्ये घरी बसून, आख्खी बिल्डिंग मोबाइलवर 'निसर्ग' बघत होती. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर.

पण अवरक्त चित्रात दिसतं ते वादळाचं छप्पर. आतली पावसाची कडी बघायला सूक्ष्मलहरी लागतात, त्या वरच्या बर्फाळ ढगातून आरपार येतात. त्या टिपणारे उपग्रह मात्र खालच्या कक्षेतले, वादळावरून दिवसात मोजक्याच वेळा जाणारे. मधल्या वेळात कामी येते व्हर्नन ड्व्होराक या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं 1970 च्या दशकात बसवलेली पद्धत. ढगांच्या पट्ट्यांनी किती वेढा घातलाय, डोळा किती उबदार आणि भोवतालचा ढग किती थंड, यावरून 'टी-क्रमांक' काढायचा आणि त्यावरून वाऱ्याचा जोर ताडायचा. समुद्रातल्या वादळाच्या वाऱ्याचा वेग बहुतेक वेळा असा चित्रावरूनच काढलेला असतो.

17 मे 2021 ला 'तौक्ते'चा डोळा चित्रात ठसठशीत होता, पण भर समुद्रात. "आपल्याकडे नाही येत, गुजरातला चाललंय," शेजारचे काका म्हणाले. त्या दिवशी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या टाकीचं झाकण दोन बिल्डिंगी पलीकडे सापडलं. वादळ रात्री दीवजवळ जमिनीवर चढलं. आम्ही डोळ्याकडे बघत राहिलो, आणि बडवून गेले ते बाहेरचे पट्टे.

जून 2023 मध्ये 'बिपरजॉय' कच्छकडे निघालं, तेव्हा काकांनी मोबाइल पुढे केला. त्यांचं बोट डोळ्यावर नव्हतं, कडेच्या पट्ट्यांवर फिरत होतं. मी गच्चीवर जाऊन झाकण तारेनं बांधून आलो.