विश्लेषण : मैदानावरच्या चितळांना पाणी कमी पडते तेव्हा...

सुटीतल्या शिबिरांमध्ये ‘निसर्ग खेळ’ असतात. पण अनेकदा झाडांची नावे पाठ करून घेणे किंवा पानांचे चिकटचित्र करणे एवढ्यावरच ते थांबतात. पळापळही होईल आणि जंगल कसे चालते हेही कळेल, असा खेळ पवनारच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर कसा घेता येईल?

नेमका खेळ कोणता?

अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट वाइल्ड’ या निसर्गशिक्षण उपक्रमातला ‘ओह डिअर’ हा खेळ जगभर खेळला जातो. आपल्याकडे हरणाऐवजी चितळ घ्यावे. वर्धा जिल्ह्यातच बोर व्याघ्र प्रकल्प आहे. २०१४ मध्ये घोषित झालेला हा प्रकल्प देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. चितळ तिथलेच.

समजा, ३० मुले आहेत. ८ मुले चितळ, उरलेली २२ जंगल. मैदानावर वीसेक पावलांच्या अंतराने दोन रेघा आखायच्या आणि दोन्ही गटांनी एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. प्रत्येकाने मनात एक गोष्ट ठरवायची आणि तिची खूण करायची. पोटावर हात म्हणजे चारा, तोंडाशी ओंजळ म्हणजे पाणी, डोक्यावर जोडलेले हात म्हणजे आसरा. ‘एक, दोन, तीन’ म्हटले की सगळ्यांनी वळायचे. चितळांनी आपल्यासारखी खूण असलेल्या मुलाकडे धावायचे. जंगलातली मुले जागेवरच उभी राहतात. मध्येच खूण बदलायला मात्र कोणालाच परवानगी नाही. गडबड होते ती इथेच.

ज्याला हवे ते मिळाले, तो चितळ त्या मुलाला आपल्या रेघेवर घेऊन येतो. म्हणजे पाडस जन्मले. ज्याला मिळाले नाही, तो मेला. पण तो बाहेर बसत नाही, जंगलात जाऊन उभा राहतो. मेलेल्या जनावराची मातीच होते. लंगडी किंवा खो-खोमध्ये बाद झालेले मूल, बहुतेकदा तेच ते मूल, कडेला बसून राहते. इथे कोणी बसत नाही, हा या खेळाचा मोठा गुण.

यात निसर्ग कुठे आला?

आकड्यांत. पहिल्या फेरीत आठही चितळांना हवे ते मिळाले, तर दुसऱ्या फेरीला चितळ होतात १६ आणि जंगलात उरतात १४. आता सगळे कितीही जोरात धावले तरी किमान दोघे उपाशी राहणारच. चितळ घटले की जंगल पुन्हा भरते आणि चितळ पुन्हा वाढू लागतात. दर फेरीचा आकडा खडूने फळीवर मांडत गेले, तर दहा-बारा फेऱ्यांत वर-खाली जाणारी रेघ उमटते. वन्यप्राण्यांच्या संख्येतला चढउतार मुले स्वतःच्या पायांनी काढतात.

मग एका फेरीत जंगलातल्या मुलांच्या कानात सांगायचे : यंदा पाऊस नाही, पाण्याची खूण कोणी करायची नाही. चितळ वळतात आणि ज्यांनी ओंजळ केली ते सगळे एकदम संपतात. विदर्भातल्या जंगलांत उन्हाळ्यात वन विभागाला कृत्रिम पाणवठे का भरावे लागतात, हे त्यानंतर दोन वाक्यांत सांगून होते. खेळाआधी सांगितले असते तर अर्धी मुले जांभया देत बसली असती.

खेळात एक अतिशयोक्ती आहे, ती मुलांना सांगावी. चितळाची मादी साधारण एका वेळी एकच पाडस देते आणि नर पाडसे देत नाहीत. त्यामुळे खऱ्या जंगलात कळप एका वर्षात दुप्पट होत नाही.

लहान मुलांसाठी काय?

जोसेफ कॉर्नेल यांच्या १९७९ च्या निसर्गखेळांच्या पुस्तकामुळे माहीत झालेला ‘वटवाघूळ आणि पतंग’ घ्यावा. मुलांनी हात धरून गोल करायचा. आत डोळ्यांवर पट्टी बांधलेले वटवाघूळ आणि तीन-चार पतंग. वटवाघूळ ओरडले ‘वटवाघूळ’, की पतंगांनी लगेच ‘पतंग’ म्हणायचे. हा झाला प्रतिध्वनी. आपली आंधळी कोशिंबीरच, फक्त इथे शिकाऱ्याला आवाजाचा माग मिळतो. आवाजाच्या आधारे किडे पकडतात ती छोटी वटवाघळे. वडा-पिंपळावर लटकणारी मोठी, फळे खाणारी वटवाघळे डोळे आणि नाक वापरतात.

आपल्या जुन्या खेळांचे काय?

सूरपारंबी, म्हणजे आपल्याकडची डाबडुबली, झाडाशिवाय होतच नाही. कोणती फांदी वजन पेलते, हे त्यात आपोआप कळे. आज अडचण खेळाची नाही, चढण्याजोग्या झाडाची आहे. चितळाच्या खेळाला मात्र रिकामे मैदान पुरते.

आधी हाताने करावे, मग बोलावे, ही रीत या परिसराला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली. पुढच्याच वर्षी विनोबा धाम नदीकाठी पवनारला राहायला आले.

खेळ घेताना काळजी कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ती सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच. धामच्या पात्रातले खडक बसायला छान, धावायला नाहीत. पळापळीचे खेळ काठापासून लांब, सपाट जागीच घ्यावेत. तीन-चार फेऱ्या झाल्या की पाणी प्यायला थांबावे. वाघ आणायचा असेल तर सहाव्या फेरीनंतर, एकच. धावणाऱ्या चितळालाच तो पकडू शकतो, पकडलेला चितळ पुढच्या फेरीत वाघ होतो आणि उपाशी राहिलेला वाघ जंगलात जातो.