हान्लेची दुर्बीण: समज आणि वस्तुस्थिती

लडाखच्या सहलीत हल्ली हान्लेचं नाव हमखास असतं. तिथल्या डोंगरावर 2 मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि तिच्याविषयी बरेच गैरसमजही आहेत.

उंचावर गेलं की तारे जवळ येतात, हा त्यांतला पहिला. वेधशाळा आहे साडेचार किलोमीटर उंचीवर. चंद्रच सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर, मग ताऱ्यांची गोष्टच सोडा. डोंगर चढायचा तो हवेसाठी. वातावरणातली चाळीस टक्क्यांहून जास्त हवा इथे पायाखाली राहते आणि वर उरते ती विरळ, कोरडी. हवेतलं बाष्प ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश शोषून घेतं. हान्ले हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तो बराचसा इथवर पोचतो. पावसाळ्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीची दुर्बीण ढगांपुढे हतबल असते, तेव्हाही हान्लेला काही रात्री वेध घेता येतात.

मोठी दुर्बीण म्हणजे मोठं चित्र, हेही खरं नाही. मोठा आरसा हवा असतो तो प्रकाश गोळा करायला. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. हा आरसा तिच्या जवळपास ऐंशी हजार पट प्रकाश टिपतो. तो कॅमेऱ्यात साठतो, त्यामुळे दुर्बिणीला डोळा लावून रात्रभर बसायचं काम शास्त्रज्ञांना नसतं. त्यांना हान्लेला जावंही लागत नाही. बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत ही दुर्बीण चालवता येते.

हबल आणि जेम्स वेब अवकाशात असताना ही कशाला? स्फोट झालेला तारा आठवडेच्या आठवडे मंदावत जातो. अवकाशातल्या दुर्बिणींचा इतका वेळ एकाच ताऱ्यासाठी मिळणं कठीण, म्हणून त्याच्यावर इतके दिवस नजर ठेवायला जमिनीवरच्या दुर्बिणी लागतात.

सर्वांत घातक समज शेवटचा: एवढ्या ओसाड माळावर एका गाडीच्या दिव्यांनी काय बिघडतं? बिघडतं. अत्यंत अंधुक प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याला आकाशातला थोडासा उजेडही नडतो. म्हणूनच 2022 साली हा परिसर अंधार-आकाश राखीव क्षेत्र झाला. गावातली माणसं दिवे झाकतात आणि त्यांच्यातलेच काही प्रशिक्षण घेऊन पाहुण्यांना छोट्या दुर्बिणींतून आकाश दाखवतात. तुम्ही गेलात तर त्यांच्याकडूनच पाहा, दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा आणि रात्री गाडीचे प्रखर दिवे लावू नका.