सेंट-एमिलियों : जाण्याआधी

कुठे : नैऋत्य फ्रान्स. बोर्दोहून रेल्वेने साधारण अर्धा-पाऊण तास. स्टेशन गावाबाहेर, पुढे द्राक्षमळ्यांच्या कडेने दीडेक किलोमीटर पायपीट.

चुकवू नये : चुनखडीच्या कड्यात कोरलेले चर्च. आठव्या शतकात एमिलियों नावाचा साधू इथल्या गुहेत राहिला. पुढे त्याच्याच नावाने गाव वसले. वेरूळ पाहिलेल्याला या चर्चच्या आकाराचे अप्रूप वाटणार नाही. थक्क करतो तो पोकळ केलेल्या खडकाच्या डोक्यावर चढवलेला ५३ मीटरचा घंटामनोरा! त्याच्या भाराने कुरकुरणाऱ्या खांबांना पुढे आधार द्यावा लागला. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात; तिकीट पर्यटन कार्यालयात.

वाइन : मुख्यतः मर्लो, जोडीला काबर्ने फ्रां. ११९९च्या राजसनदेचा वारसा सांगणारी ‘ज्युराद’ ही वाइन-बिरादरी १९४८मध्ये पुन्हा उभी राहिली. तिचे लाल झग्यांतले सदस्य दर सप्टेंबरात राजमनोऱ्यावरून द्राक्षतोडणीची द्वाही फिरवतात. मळ्यांसह हा परिसर १९९९पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

पायांत : चांगली पकड असलेले बूट. दगडगोट्यांच्या गल्ल्या भलत्याच उताराच्या आहेत, आणि वाइन चाखायची ती चढण संपल्यावरच.

खाऊ : बदामाचे मॅकरून. पॅरिसचे रंगीत नव्हेत. साधे, तपकिरी आणि आमच्या मते सरस.